अकरा हजार नऊशे एकोणनव्वद पावलं

कचेरीत त्याला इंचपट्टी म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. जमीनमोजणीच्या कचेरीत एकोणतीस वर्षं मोजणीदार म्हणून काढलेला माणूस. रस्त्याने चालणाऱ्याला आपण किती चाललो हे सांगता येऊ नये, हे त्याच्या समजुतीत बसतच नसे. तो स्वतः घरापासून कचेरीपर्यंत दोन हजार तीनशे चाळीस पावलं चालायचा. वाटेत कोणी हाक मारली तर आधी हात वर करून त्याला गप्प करायचा, आकडा मनात पक्का करायचा, आणि मग नमस्कार.

एकदा दुसऱ्याच कामाची मोजणी चालू असताना एका निवृत्त शिक्षिकेच्या कुंपणाची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत नऊ इंच गेलेली निघाली. बाई म्हणाल्या, "अहो, नऊ इंच म्हणजे वीतभर. आता ह्या वयात भिंत कुठे पाडत बसू?" शेजारीही म्हणाला, राहू द्या, माझं काही अडत नाही. इंचपट्टीने दोघांकडे न बघता नकाशावर लाल रेघ ओढली. "हद्द ती हद्द, बाई. आज तुम्ही वीतभर, उद्या दुसरा हातभर." भिंत पडली. घरी जेवताना त्याने हे मोठ्या समाधानाने सांगितलं. बायको म्हणाली, "पण कोणाचं अडत नव्हतं ना?" त्यावर त्याने असं काही तोंड केलं की तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

दोन वर्षांपूर्वी कचेरीत उपग्रहावरून मोजणारं यंत्र आलं. तिपाईवर ठेवायचं, बटण दाबायचं, बाजूला उभं राहून फोन बघत बसायचं, की झाली मोजणी. इंचपट्टीला खिडकीजवळ टेबल मिळालं आणि जुन्या नकाशांना क्रमांक घालायचं काम मिळालं. त्याच्याबरोबर एकोणीस वर्षं माळ तुडवलेला चेनमन, म्हणजे मोजणीची साखळी धरणारा मदतनीस, तोही फायली इकडून तिकडे नेऊ लागला. हा चेनमन मुलखाचा अबोल. विचारलं तर सांगणार, नाही विचारलं तर नाही. एकोणीस वर्षांत इंचपट्टीने त्याला एकदाही शाबास म्हटलं नव्हतं. साखळीचं टोक ताठ धरायला काय अक्कल लागते, असं त्याचं म्हणणं. शिकवलं मात्र सगळं होतं, तेही खेकसून: तीनदा मोज, मधल्या आकड्यावर जाऊ नकोस, उन्हात पोलाद वाढतं म्हणून दुपारच्या मोजणीला दुरुस्ती धर.

आता त्याचा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, चष्म्यांचं दुकान, वय त्रेचाळीस, अंगाने गोल आणि स्वभावाने त्याहून गोल. त्याच्या तोंडी सदा 'साधारण', 'अंदाजे', नाहीतर 'होऊन जाईल'. चष्मे करणारा माणूस अंदाजे बोलतो म्हटल्यावर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांचं काय होत असेल, हा विचार इंचपट्टीला कित्येकदा जेवताना येई आणि त्याची भाकरी कडू होई.

अशाच एका रविवारी जेवताना मेहुण्याने जाहीर केलं की आपण ट्रायथलॉनमध्ये भाग घेतोय. पूर्ण नाही, अर्ध्या अंतराची. "तलावात साधारण दोन किलोमीटर पोहायचं, मग सायकल नव्वद, आणि मग वीस-एकवीस धावायचं. साडेआठ तासांत केलं की पदक."

"एक पूर्णांक नऊ, नव्वद, आणि एकवीस पूर्णांक एक," ताटातून मान वर न करता इंचपट्टी म्हणाला.

"भावोजी, एवढं पाठ आहे तर तुम्हीपण चला की."

मेहुण्याने गंमत केली होती. पण बायको हसली. तिने हसायला नको होतं. बावन्न वर्षांच्या, टेबलावर बसवलेल्या माणसासमोर बायकोने भावाच्या बाजूने हसू नये. इंचपट्टीने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "येतो. साडेआठ तासांच्या आत पुरी करून दाखवतो. आणि कुठलंही यंत्र न लावता, माझ्या मोजणीवर. हा करणार नाही पुरी. लिहून घ्या." मेहुणा खूश झाला, त्याला सोबत मिळाली. असल्या माणसाचा अपमान तरी कसा करायचा?

सात महिने इंचपट्टीने सराव केला. पहाटे तलाव, संध्याकाळी रस्ता. थंडीच्या दिवसांत त्याने शाळेच्या मैदानावर मोजणीचं चाक फिरवून बरोबर एक किलोमीटर आखला आणि त्यावर दहा वेळा धावून आपलं पाऊल ठरवलं: अठ्ठ्याऐंशी सेंटीमीटर. धावायचा रस्ता सरळ जाऊन सरळ परत यायचा होता, म्हणजे वळण दहा किलोमीटर साडेपाचशे मीटरवर. भागाकार केला. अकरा हजार नऊशे एकोणनव्वद पावलं. शंभर पावलांना एक बोट मुडपायचं, हजार झाली की डाव्या खिशातलं एक बटण उजव्या खिशात टाकायचं. बायकोच्या शिवणाच्या डब्यातून त्याने बारा बटणं उचलली. मेहुण्याने मनगटावर उपग्रहाचं घड्याळ बांधलं. त्याच्याकडे इंचपट्टीने कसं बघितलं असेल ते सांगायला नको.

शर्यतीच्या दिवशी सकाळी सहाला सुरुवात होती. सहाला तलावाच्या काठावर तीनशे माणसं तोकड्या कपड्यांत उभी होती, भोंग्यावर गाणी होती आणि पाहुणे नव्हते. प्रमुख पाहुणे आल्याशिवाय झेंडा कोण दाखवणार? साडेसहा झाले, सात झाले. ऊन वर चढलं. माइक धरलेला एक गॉगलवाला दर पाच मिनिटांनी सांगत होता की जिंकणं महत्त्वाचं नाही, सहभाग महत्त्वाचा. इंचपट्टीच्या मते ज्यांना धड काही जमत नाही त्यांनी हे वाक्य शोधून काढलं असणार. पाहुणे पावणेआठला आले, गाडीतून उतरल्या उतरल्या वीस मिनिटं तब्येतीचं महत्त्व बोलले आणि झेंडा दाखवून थंडगार गाडीत बसून गेले. सुटायला आठ वाजून पाच मिनिटं. घड्याळ मात्र साडेआठ तासांचंच. दोन तास वाया घालवलेत तर सवलत द्या, असं एकजण म्हणाला, तर गॉगलवाला म्हणाला, नियम म्हणजे नियम. इंचपट्टीने मनात तक्रारीचा पहिला मुद्दा लिहिला. आयुष्यभर तक्रारींवर शेरे मारलेल्या माणसाला तक्रार कशी लिहायची ते चांगलं ठाऊक असतं.

तलावात वळायच्या खुणेचे चार फुगे लावायचे होते, होते तीन. चौथा रात्री वाऱ्याने कुठेतरी गेला म्हणे. त्याच्या जागी एक होडी उभी केलेली, आणि होडीवाला बिचारा माणसं जवळ आली की घाबरून मागे सरकत होता. इंचपट्टीने हातांच्या फेऱ्या मोजल्या आणि बाहेर येऊन टेबलापाशी उभ्या बाईंना म्हणाला, "एकशे ऐंशी मीटर जास्त झालंय."

"काका, केळं घ्या," बाई म्हणाल्या.

तिथेच तीन घड्याळवाले आपापली मनगटं एकमेकांच्या नाकाखाली धरून भांडत होते. एकाच्या घड्याळात दोन हजार, दुसऱ्याच्या बावीसशे, तिसऱ्याच्या सोळाशे. इंचपट्टीला इतकं बरं वाटलं की त्याने दोन केळी घेतली.

सायकलचा रस्ता तीस किलोमीटरच्या तीन फेऱ्यांचा. इंचपट्टीच्या पुढच्या चाकाला जुना फेरे मोजणारा काटा होता, चाकाचा घेर त्याने स्वतः दोऱ्याने मोजलेला. एक फेरी एकोणतीस किलोमीटर दोनशे भरली. म्हणजे तिकडे जास्त पोहवलं आणि इकडे कमी चालवलं, हिशेब बहुतेक असाच जुळवला असावा. पहिल्या फेरीला चौकात शिट्टी घेऊन उभा असलेला माणूस दुसऱ्या फेरीला नव्हता, आणि वीस-पंचवीस शहाणे सरळ बाजाराच्या दिशेने निघून गेले. तिसऱ्या फेरीला पाण्याच्या टेम्पोला कुलूप होतं. किल्ली ज्याच्याकडे होती तो जेवायला गेला होता. टेम्पोच्या काचेतून पाण्याचे खोके दिसत होते आणि बाहेर दहा-बारा माणसं काचेला नाक लावून उभी होती. डांबर पाघळून टायरला चिकटत होतं. कार्बनच्या हलक्याफुलक्या सायकलींवर आलेले, अंगाला रबरी कपडे चिकटवलेले शूर एकेक करून रस्त्याकडेच्या बाभळीखाली आडवे होत होते आणि फोनवरून गाडी मागवत होते. इंचपट्टी आपल्या जुन्या लोखंडी सायकलवरून त्यांच्या समोरून गेला आणि मुद्दाम घंटी वाजवून गेला. बाटलीतलं शेवटचं कोमट पाणी त्याने डोक्यावर न ओतता पिऊन टाकलं.

धावायला सुरुवात केली तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. कालव्याच्या काठाने जाणारा रस्ता, एका बाजूला कोरडा कालवा, दुसऱ्या बाजूला विजेचे खांब, सावली औषधालाही नाही. हवा भट्टीच्या तोंडासारखी अंगावर येत होती. किलोमीटरच्या पाट्या लावल्या होत्या, पण चारनंतर एकदम सहा आला, आणि सात नंबरची पाटी दोनदा लागली. दुसऱ्यांदा सात दिसला तेव्हा इंचपट्टी एकटाच मोठ्याने हसला. अशा गाढवांनी वळण तरी बरोबर जागी लावलं असेल ह्यावर कोण विश्वास ठेवणार? विश्वास ठेवायला होती फक्त त्याची पावलं. एक बोट, दुसरं बोट, तिसरं. बटण. पाय जड झाले होते, बुटांचे तळवे रस्त्याला घासल्याचा आवाज येत होता, मान खाली गेली होती. पण आकडा सुटला नाही. इतकी वर्षं जे केलं तेच तर करायचं होतं. ह्या तीनशे माणसांत आपण कुठे आहोत हे ज्याला खरोखर ठाऊक आहे असे आपण एकटेच, असं त्याला वाटलं, आणि त्या विचाराने त्याला पाण्यापेक्षा जास्त बळ दिलं.

अकरावं बटण उजव्या खिशात गेलं. मग नऊशे एकोणनव्वद. दोनशे बारा नंबरच्या खांबापाशी तो थांबला. पुढे रस्ता डावीकडे वळून एका टेकाडामागे जात होता. वळणाचा लाल शंकू नाही, माणूस नाही, काही नाही. टेकाडामागे लावला असणार, आणखी अर्धा किलोमीटर पुढे, कोणाला तरी बरी जागा सापडली म्हणून. त्याने मनगटावरचं साधं काट्यांचं घड्याळ बघितलं. सहा तास पंचावन्न मिनिटं झाली होती. इथून परतलो तर आत बसतो. टेकाडापर्यंत जाऊन आलो तर नाही. इतकं हे स्पष्ट होतं. आणि चूक कोणाची? त्यांची. अंतर किती धावायचं? एकवीस पूर्णांक एक. ते तो पुरेपूर धावणार होता, एक पाऊलही कमी नाही. तो वळला.

दोनशे पावलांवर समोरून मेहुणा येत होता. चेहरा टोमॅटोसारखा, टोपीखाली ओला रुमाल, एक पाय किंचित फेंगडा पडतोय.

"झालं वळण?" त्याने धापा टाकत विचारलं.

"झालं. दोनशे बारा नंबरच्या खांबाशी दहा साडेपाचशे पुरे होतात. तिथून वळ. शंकू पुढे कुठेतरी गाढवपणाने लावलाय."

मेहुण्याने मनगट डोळ्यांजवळ नेलं. "माझ्यात तर अजून दहासुद्धा झाले नाहीत, भावोजी."

"तुझ्या घड्याळाला ऊन लागलंय. सकाळी बघितलास ना त्यांचा तमाशा? मी मोजलंय."

मेहुणा खांबाकडे बघत राहिला. भावोजींनी मोजलंय म्हणजे तसा प्रश्न नव्हता. "पण शंकू तर पुढे आहे ना," तो शेवटी म्हणाला. "जाऊन येतो. तिथे कोणीतरी उभं असेल उन्हात." आणि तो गेला, फेंगडा पाय टाकत. इंचपट्टीने मान हलवली. मूर्ख. सख्खा भाऊ असता तर कान धरून वळवला असता. बायकोचा भाऊ, मरू दे उन्हात.

आठ तास सव्वीस मिनिटं चाळीस सेकंदांनी इंचपट्टी हवेच्या कमानीखालून गेला. गॉगलवाल्याने माइकमध्ये त्याचा नंबर चुकीचा सांगितला. एका मुलीने गळ्यात पदक घातलं; ते हातात धरून इंचपट्टी बसला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. घाम आहे म्हणून त्याने पुसलं. बावन्नाव्या वर्षी, टेबलावर बसवलेला माणूस, उपग्रह नाही की यंत्र नाही. आता कोण हसतंय बघू.

मेहुणा बारा मिनिटांनी आला. तोपर्यंत कमानीतली हवा काढायला सुरुवात झाली होती आणि कमान कंबरेतून वाकली होती. तो तिच्याखालून वाकून आला. पदकांच्या खोक्याला चिकटपट्टी लावून झाली होती. "साडेआठ तास झाले सर, वेळ संपली," ती मुलगी म्हणाली. मेहुण्याने "बरं बरं" म्हटलं, अजून डोळे पुसणाऱ्या इंचपट्टीजवळ येऊन त्याचं पदक हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाला, "मानलं भावोजी." मनापासून म्हणाला. परतताना गाडीत तो मागच्या सीटवर पाय वर करून झोपला, आणि इंचपट्टीने बायकोला फोन करून फक्त एवढंच सांगितलं, "माझं झालं. त्याचं नाही." फोनवर ती हसली नाही.

संध्याकाळी त्याने तक्रारीचं पत्र लिहिलं. मुद्दे बारा. अकरा कागदावर उतरले होते, पण बाराव्या मुद्द्याला, म्हणजे वळणाच्या जागेला, पुरावा हवा. पुराव्याशिवाय तक्रार ही त्याच्या दृष्टीने शुद्ध बडबड होती. म्हणून सोमवारी भल्या पहाटे, पायांचे ओंडके झालेले असताना, त्याने चेनमनला घरून उठवलं. "कचेरीतलं चाक घे. कालव्यावर चल. त्या लोकांची लायकी काढायची आहे." चेनमनने चाक घेतलं. का, कशाला, काही विचारलं नाही.

सुरुवातीच्या खुणेपासून दोघं निघाले. चेनमन चाक ढकलत होता आणि इंचपट्टी लंगडत त्याच्या बाजूने आकडा बघत चालला होता, सात नंबरच्या दोन्ही पाट्यांवर तोंडसुख घेत. अडीच तासांनी दोनशे बारा नंबरचा खांब आला. इंचपट्टीने वाकून आकडा वाचला. नऊ हजार नऊशे बासष्ट.

"चाक घसरलंय."

"नाही साहेब."

"मधे उचललं असशील."

चेनमनने चाक त्याच्यापुढे उभं केलं. इंचपट्टीने खिशातली फीत काढली, चाकाचा घेर तिथेच रस्त्यावर बसून मोजला. बरोबर होता. तो उठला आणि "चल पुढे" म्हणाला, पण आवाज पहिल्यासारखा नव्हता. टेकाडाला वळसा घालून रस्ता पुढे गेला. चेनमन आकड्याकडे बघतच नव्हता. एका जागी तो आपोआप थांबला. काट्यावर दहा हजार साडेपाचशे. आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर पिवळ्या रंगाची दोन वर्तुळं, एकात एक, आणि मधोमध ठोकलेला खिळा. इंचपट्टीच्या कचेरीची खूण. ही खूण काढायला त्याने एकाच माणसाला शिकवलं होतं.

"हे कोणी केलं?"

"मीच केलं साहेब. त्यांना मोजणारा माणूस पाहिजे होता. तीन रविवार आलो. तीनदा मोजलं, दुपारची दुरुस्ती धरून. पाट्या त्यांनी नंतर लावल्या, त्या माझ्या नाहीत."

"पहाटे सांगितलं का नाहीस?"

"विचारलं नाहीत साहेब."

इंचपट्टी दगडावर बसला. आकडेमोड त्याला करावी लागली नाही, ती आपोआप झाली. पाचशे अठ्ठ्याऐंशी मीटर जाताना, तेवढेच येताना. पावलामागे पाच सेंटीमीटरला जरा कमी, तीन बोटं. थंडीत मैदानावर ताज्या पायांनी ठरवलेलं पाऊल त्याने भर दुपारी थकलेल्या पायांना लावलं होतं. पोलाद उन्हात वाढतं हे एकोणतीस वर्षं दुसऱ्यांना खेकसून सांगितलं, आणि माणूस उन्हात आखडतो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्या सगळ्या सावळ्या गोंधळात एकच गोष्ट चोख होती, आणि नेमकी तिलाच त्याने गाढवपणा म्हटलं होतं. आणि ते सुटलेलं दहा मिनिटांचं अंतर धावलं असतं तर पदक नव्हतं, हेही त्याला लगेच दिसलं.

चेनमनने शर्टाच्या खिशातून चौघडी घातलेला, घामाने मऊ झालेला कागद काढला. "मी इथेच उभा होतो काल. वळणाऱ्यांचे नंबर लिहायला सांगितले होते. नंतर कोणी मागायलाच आलं नाही." कागद पुढे करून तो म्हणाला, "तुमची वाट बघत होतो साहेब. म्हटलं, आपलं मोजमाप बघतील. मेहुणे आले तुमचे, सगळ्यात शेवटी. त्यांना विचारलं तर म्हणाले, येतील. मग वाटलं तुम्ही गाडीत बसलात."

कागदावर शेवटचा नंबर मेहुण्याचा होता. त्याच्या खाली कोरी जागा. इंचपट्टीला लाज वाटली, चारचौघांत वाटते तशी नाही, एकट्याची. काहीतरी म्हणायला हवं होतं. "खूण छान काढलीस," तो म्हणाला. चेनमनने चाकाची धूळ पुसायला घेतली.

तिथून तो तडक मेहुण्याच्या दुकानात गेला. मेहुणा काउंटरमागे एक पाय गरम पाण्याच्या बादलीत घालून एका म्हातारीच्या चष्म्याचा स्क्रू आवळत होता. म्हातारी गेल्यावर इंचपट्टीने पदक काउंटरवर ठेवलं.

"पाचशे अठ्ठ्याऐंशी मीटर. दोन्हीकडून. शंकू बरोबर होता. चूक माझी होती."

मेहुण्याने पदकाकडे बघितलं. "काल माझ्या लक्षात आलं होतं भावोजी," तो म्हणाला. "चाळीस-पन्नास मीटरचा फरक असता तर कळलं नसतं, पण हे साधारण पाच-सहाशे होतं."

"मग बोलला का नाहीस? माझं ऐकून वळला असतास तर तुलाही मिळालं असतं. आणि मी त्या कमानीखाली बसून पदक मिरवत होतो तेव्हा तरी?"

"काय बोलणार? तुम्ही रडत होता." त्याने पदक परत इंचपट्टीकडे सरकवलं. "ठेवा. ताईला सांगितलंय मी, दुकानात येणाऱ्या सगळ्यांना सांगितलंय. आता तोंडघशी नका पाडू मला."

इंचपट्टीने पदक घेतलं नाही, मेहुण्याने ठेवून घेतलं नाही, शेवटी ते चष्म्यांच्या रिकाम्या डब्यांच्या खणात पडलं. घरी जाऊन त्याने पत्रातला बारावा मुद्दा खोडला. बाकीचे अकरा तसेच ठेवले, कारण ते खरेच होते आणि ती माणसं खरोखरच नालायक होती. खाली आपला नंबर लिहिला, आपण पूर्ण अंतर धावलो नाही, सबब आपल्याला बाद करून नाव यादीतून काढावं, असं दोन ओळींत लिहिलं, चेनमनचा कागद जोडला आणि पाठवलं. उत्तर आलं नाही. महिन्याने पुन्हा पाठवलं. मग स्वतः गेला. पत्ता होता त्या जागी आता लग्नाची सजावट करणारा एकजण बसला होता. यादी मात्र अजूनही सगळ्यांना बघता येते. त्यात इंचपट्टी पूर्ण केलेल्यांत आहे, आठ तास सव्वीस मिनिटं चाळीस सेकंद. मेहुणा अपूर्ण राहिलेल्यांत आहे.

आणि आता दर कौटुंबिक जेवणाला मेहुणा पाहुण्यांसमोर हे काढतोच. "आमच्या भावोजींनी केलंय बरं का. बावन्नाव्या वर्षी, त्रेचाळीस डिग्रीत, कोरड्या घशाने. मला नाही जमलं." त्यात टोमणा नसतो. टोमणा असता तर इंचपट्टीने निभावून नेलं असतं. लोक कौतुकाने त्याच्याकडे वळतात, आणि तो ताटात बघत प्रत्येक वेळी सांगतो, "पाचशे अठ्ठ्याऐंशी मीटर कमी. जाताना. येतानाही तेवढंच."

"बघा," कोणीतरी म्हणतं, "एवढं करूनही किती साधेपणा."

सगळे हसतात. फक्त बायको हसत नाही. ती भाताची वाढणी घेऊन त्याच्याजवळ येते, आणि आज किती वाढू, असं विचारते. तो म्हणतो, वाढ अंदाजे.